खांद्यावरची चार बोटं

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा मी सवयीप्रमाणे तो आमच्या ह्यांच्या हातात दिला. स्टुडिओबद्दल कुणाला काही हवं असलं की ते ह्यांनाच हवं असतं, हे मी धरूनच चालते. ह्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि फोन परत केला. म्हणाले, "त्यांना फोटो काढणारा नकोय, सुधारणारी हवीय." म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी मागच्या खोलीत कुणीतरी डोकावलं.

आमचा स्टुडिओ जुन्या नाशकात, पंचवटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. पुढे कॅमेरा ह्यांचा, मागे मेज माझं. आता पुढची जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने दिली आहे, मागची खोली मात्र मी सोडलेली नाही. धंदा ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगते. पूर्वी निगेटिव्ह खालून दिवा असलेल्या उतरत्या मेजावर ठेवायची आणि टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, देवीचे व्रण भरून काढायचे. नको असेल ते ब्लेडने खरवडायचं. प्रिंटवर बारीक ब्रशने रंग लावायचा. पुढे कॉम्प्युटर आला, हातातली पेन्सिल गेली आणि माउस आला, काम तेच राहिलं. असलेलं घालवायचं, नसलेलं आणायचं.

सगळ्यात जास्त गिऱ्हाईक डोळ्यांचं. घरातलं माणूस जातं, दहाव्याला फोटो लागतो, आणि तेव्हा लक्षात येतं की म्हाताऱ्याचा धड फोटोच नाही. मग शेवटचा, निजवलेला फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "वहिनी, तेवढे डोळे उघडून द्या." मी मुलाचे नाहीतर भावाचे डोळे घ्यायचे, त्यांचं वय वाढवायचं आणि बसवायचे. सायखेड्याच्या एक आजी होत्या. डोळे उघडले, डोक्यावर फेटा चढवला, तरी त्यांचा पाय निघेना. शेवटी म्हणाल्या, "मनगटावर घड्याळ काढ बाई. लय हौस व्हती त्यांना. घ्यायचं राहूनच गेलं." मी ह्यांच्या हातातलं घड्याळ उतरवून घेतलं, त्याचा फोटो काढला आणि म्हातारबाबांच्या मनगटावर बांधून दिलं. आजींनी तो फोटो बराच वेळ मांडीवर धरून ठेवला होता.

पुसायचीही कामं यायची. वाटणीवरून भांडलेला एक भला माणूस घरच्या फोटोतून धाकट्या भावाला काढून टाका म्हणून आला. टाकला काढून. पुढच्या वर्षी दोघं भाऊ हसत हसत दारात हजर, "वहिनी, ह्याला परत घाला." निगेटिव्ह मी कधी फेकत नाही म्हणून निभावलं. माणूस पुसताना एक रीत असते. सुरुवात मधून करायची नाही. तो दुसऱ्याला जिथे चिकटलेला असतो, तिथून करायची. कुणाच्या खांद्यावर हात, कुणाच्या पदराला लागलेला कोपर, हे आधी सोडवायचं. उरलेला माणूस पुसणं सोपं असतं. ही रीत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं सांगायचं कारण लिनबाई. द्राक्षं उतरायला लागली होती त्या दिवसांत मृणाल तिला घेऊन आमच्याकडे आली. मृणालची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे आणि बागेत तिने चार खोल्या बांधल्या आहेत. देशोदेशीचे चित्रकार, फोटोग्राफर तिथे महिना-दोन महिने राहून आपापलं काम करतात. त्यासाठी दिंडोरीच कशाला लागते हे मला आजवर कळलेलं नाही. वाइन हे एक उत्तर असू शकतं.

लिन चीनची. वयाने पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटकुळी, केस मानेपर्यंत कापलेले. ती इंग्रजीत बोलायची, मृणाल मराठीत सांगायची. तिला आमचे हे हवे होते, कारखान्यांचे आणि शाळांचे ग्रुप फोटो जुन्या पद्धतीने काढणारा माणूस म्हणून. कशासाठी, हे सांगायला तिने पिशवीतून एक फोटो काढून माझ्या मेजावर ठेवला. कारखान्यातले कामगार तीन रांगांत उभे. मधल्या रांगेत एका माणसाची जागा रिकामी, तिथे नुसती मागची भिंत.

"तिथे तिचे वडील होते," मृणाल म्हणाली.

मशीनवर माणसं मरत होती, त्याबद्दल तो बोलला. गप्प बस म्हणून सांगितल्यावरही बोलत राहिला. एका सकाळी त्याला कारखान्याच्या फाटकावरून नेलं, तो परत आला नाही. लिन तेव्हा तान्ही होती. मग कारखान्याने घरोघरीचे ग्रुप फोटो गोळा केले आणि त्याच्याशिवायचे नवे वाटले. घरात त्याचे जे दोन-चार फोटो होते, ते आईने भीतीपोटी स्वतःच चुलीत घातले. बापाचा चेहरा लिनने पाहिलेलाच नाही.

तिचं काम काय, तर ती एक रिकामी खुर्ची घेऊन जायची. कारखान्याच्या, कचेरीच्या, कोर्टाच्या दारासमोर खुर्ची ठेवायची आणि शेजारी गप्प उभं राहायचं. कॅमेरा लांब लावलेला. कुणीतरी येऊन खुर्ची उचलून नेईपर्यंत फोटो काढत राहायचे. मग खुर्ची नेणाऱ्याची पाठ. मग ती एकटी. हे सगळं तिने लॅपटॉपवर दाखवलं. खरं सांगते, पहिले दोन-तीन बघून मी मनात म्हटलं, आमच्या मंगल कार्यालयातली पोरं रोज ह्याहून जास्त खुर्च्या उचलतात. पण बघत गेले तशी माझी जीभ आवरली. एकात खुर्ची नेणारा शिपाई नेण्याआधी ती रुमालाने पुसत होता. एकात दोघं जण तिला हात लावायला तयार नव्हते, तू ने, तू ने चाललेलं. नुसत्या खुर्चीला एवढी माणसं घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. ह्या खुर्चीपायी लिनला दोनदा आत टाकलं होतं. आता ती परदेशात राहते, आई चीनमध्येच मामाकडे. परत गेली तर पुन्हा बाहेर पडता येईल ह्याची खात्री नाही.

मी आपली धंद्यातली बाई. म्हटलं, "एवढंच ना? जागा भरून देते मी. हिचा चेहरा घेते, बापाचा बनवते."

मृणालने सांगितलं तशी लिनच्या कपाळाला आठी पडली. ती हळू आवाजात, पण एकेक शब्द तोडून बोलली. मृणाल म्हणाली, "ती म्हणते, जागा भरली तर पुसणाऱ्यांनाच मदत होईल. मग इथून कुणी गेलं होतं हे दिसणारच नाही." मग लिनने फोटोवर बोट ठेवून मला काहीतरी दाखवलं. रिकाम्या जागेशेजारच्या कामगाराच्या खांद्यावर, मागून आलेली चार बोटं. मालक नसलेली. एवढी वर्षं ह्या धंद्यात काढून मला ती दिसली नव्हती. "घाईत राहून गेली," लिन म्हणाली, "त्यांच्या चुकीवर माझं सगळं काम उभं आहे." तिने फोटो परत पिशवीत ठेवला आणि चहाला हातही न लावता गेली. मला चहाचंच जास्त लागलं.

फोटो मात्र आमच्या ह्यांनीच काढायचा ठरला. मृणालच्या पॅकिंग शेडमध्ये, द्राक्षं निवडणाऱ्या बायका आणि पेट्या भरणारे गडी घेऊन. बरीचशी माणसं आसपासच्या गावांतली, काही पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरती आलेली. लिनला तोच कारखान्याचा फोटो जिवंत माणसांचा करायचा होता. तीन रांगा, मधल्या रांगेत एकाची जागा रिकामी. सगळ्यांनी तसंच, न हलता, ती 'झालं' म्हणेपर्यंत उभं राहायचं. तेच तिचं सादरीकरण. मी मृणालच्या मागे लागून गेले, उगाच.

पहिल्याच फोटोला आमच्या ह्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि जन्मभराच्या सवयीने ओरडले, "सरका, सरका. मधे जागा ठेवू नका." सगळी रांग आज्ञाधारकपणे सरकली आणि भोक बुजलं. लिनने डोक्याला हात लावला. पुन्हा समजावलं, पुन्हा उभे केले. ह्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. पण लोक स्वतःहूनच सरकायला लागले. इकडची बाई अर्धा पाऊल तिकडे, तिकडचा गडी अर्धा पाऊल इकडे. थोड्या वेळाने बघावं तर जागा गायब. कुणी मुद्दाम करत नव्हतं. एक गडी तर म्हणाला, "ताई, मोकळं बरं नाय दिसत. माझ्या भावाला बोलावू का? तो रिकामाच हाय."

मला वाटलं आता ही चिडणार. ती शेडच्या पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "आमच्याकडे जागा बुजवायला अधिकारी पाठवावे लागले. इथे तुम्ही मायेने बुजवता." आणि ते सगळे बिघडलेले फोटो ठेवायला तिने बजावलं. तिथे मला ती बाई पहिल्यांदा आवडली. दुसरा कुणी असता तर आम्हां अडाण्यांना नावं ठेवून गेला असता.

मार्ग काढला ताराबाईंनी. ताराबाई सायखेड्याकडच्या, निवडणाऱ्या बायकांच्या मुकादमीण. त्यांनी मृणालला विचारलं, "ही जागा कुनाची हाय?" मृणालने सांगितलं, हिच्या वडिलांची, ते गेलेत, कुठे ते कुणाला ठाऊक नाही. ताराबाई म्हणाल्या, "मग आधी सांगायचं ना. आमचं मानूस पुन्याला कामाला असतं. घरी पूजेला जोडीनं बसायचं असलं न् ते आले नसले, तर त्यांच्या पाटावर सुपारी ठेवते मी. मग त्या पाटावर कुनी बसत नाय. पोरंबी नाय." कमरेची चंची सोडून त्यांनी अख्खी सुपारी काढली, एक रिकामी पेटी मधल्या रांगेतल्या त्या जागी उलटी घातली आणि सुपारी तिच्यावर ठेवली. वर कपाळाला हात लावून नमस्कारही केला.

त्यानंतर कुणी हललं नाही. तीच माणसं, तीच रांग, पण ती जागा आता कुणाची तरी होती. पेठकडची एक पोरगी घाम पुसायलासुद्धा हात वर करत नव्हती. लिन स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. तिने 'झालं' म्हटलं तेव्हा ह्यांचा चष्मा ओला झालेला होता, आणि ते मला सांगत होते की पत्र्याची शेड आहे, उकडतं.

चार दिवसांनी लिन आणि मृणाल पुन्हा माझ्या मागच्या खोलीत आल्या. ह्या वेळी लिनने आधी चहा घेतला. मग म्हणाली, आईचे डोळे जाताहेत. मोतीबिंदू नाही, आतला पडदा जातोय, डॉक्टरांनी हात टेकलेत. आईचं एकच मागणं आहे, दिसतंय तोवर त्याचा चेहरा एकदा बघायचाय. लिन वर्षानुवर्षं नाही म्हणत आली. जागा भरायची नाही, हे तिचं व्रतच होतं म्हणा ना. "पण सुपारी ठेवली तरी जागा रिकामीच राहते, हे मी शेडमध्ये बघितलं," ती म्हणाली. "जगाला मी रिकामी जागाच दाखवीन. आईला चेहरा करून दे."

मी जीव ओतला. लिनचा चेहरा घेतला, तिच्या काकांचा एक फोटो मोबाइलवर होता तो घेतला. तरुण केलं, जबडा रुंद केला, त्या काळचे केस बसवले. मग रोज सकाळी व्हिडिओ कॉल. पडद्यावर एक वाळकी, पांढऱ्या केसांची आजी, नाक फोनला टेकवून बघणारी. फोनवर नाव घ्यायचं नाही, कारखाना म्हणायचं नाही, असं लिनने आधीच बजावलेलं. नुसतं 'तो'. आजी सांगायची, लिन मृणालला सांगायची, मृणाल मला. भुवया दाट कर. कान थोडे पुढे आण. हसताना डावीकडून हसायचा. मी करत गेले. डोळे तर मी असे उघडले की माझ्या आयुष्यात तेवढे चांगले डोळे झाले नव्हते.

आणि दर वेळी आजी बराच वेळ बघायची आणि तेच म्हणायची. "माणूस चांगला आहे. पण तो नाही."

शेवटी शेवटी तिलाच माझी दया यायला लागली असावी, कारण ती "जवळजवळ" म्हणायला लागली. जवळजवळ म्हणजे काय ते मला कळतं. एवढे डोळे उघडले मी लोकांचे. पण तिथे घरच्यांना फोटो हवा असायचा आणि ते माझ्या कामाला राजीखुशीने हो म्हणायचे. ही आजी मात्र माझ्यासाठी खोटं बोलायला तयार नव्हती. मी माउस बाजूला सारला आणि मृणालला म्हटलं, "सांग तिला, मला जमत नाही." असं मी कुठल्या गिऱ्हाइकाला कधी म्हटलं नव्हतं.

आजीने ऐकलं. मग हळूच काहीतरी मागितलं. मृणालने दोनदा विचारल्यावर लिन म्हणाली, "ती म्हणते, चेहरा राहू दे. बोटं मोठी करून दाखव."

ती बोटं मूळ फोटोत तांदळाच्या दाण्याएवढी. मी तो भाग स्कॅन केला, मोठा केला, वरची धूळ आणि ओरखडे एकेक करून काढले. नवीन काही घातलं नाही, शप्पथ. फक्त होतं ते उजळत गेले. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी निघाली. मधल्या बोटाचं नख चेपलेलं, अर्धंच. लिनने फोन माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे धरला. आजीने आपला हात वर केला आणि फोनवर ठेवला, त्यामुळे आम्हाला तिच्या तळव्याखेरीज काही दिसेना. मग हुंदक्याचा आवाज आला. मृणालला सांगायची गरज पडली नाही. कुणीही ओळखलं असतं. तरी नंतर लिनने सांगितलं, नख मशीनमध्ये सापडलं होतं, त्या हाताला पट्टी आईनेच बांधलेली. लिन माझ्या मेजावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली. मीही रडले, कशाला लपवू.

प्रिंट काढायला बसले तेव्हा मला ते दिसलं. बोटांच्या कडेने ब्रश फिरलेला होता. वर भिंतीचा करडा, खाली शेजारच्या कामगाराच्या कोटाचा गडद रंग प्रत्येक बोटाच्या भोवतीने, नखाच्या वळणानेसुद्धा, जपून आणलेला. मी लिनला जवळ बोलावलं आणि माझी रीत सांगितली, सुरुवातीला तुम्हाला सांगितली तीच. माणूस पुसताना आम्ही हातापासून सुरुवात करतो. हात घाईत राहत नाही. ती बोटं कोटाच्या रंगाने झाकायला दोन मिनिटं लागली असती. आणि राहूनच गेली असती तर रंग वेडावाकडा थांबला असता, असा भोवतीने फिरला नसता. "मी काही तिथे नव्हते," मी म्हटलं, "पण मला विचारशील तर ही चूक नाही. कुणीतरी ठेवलीत."

मृणालने सांगितलं. लिनने तो प्रिंट उचलून दिव्याखाली धरला. ज्याला ती आयुष्यभर कारखानेवाल्यांचा माणूस समजत आली होती, तो तिकडचा माझ्यासारखाच कुणी मागच्या खोलीत बसणारा होता, आणि धरला गेला असता तर त्याचीही खुर्ची रिकामी झाली असती.

मग तिने मला सरळ विचारलं, "तुला पुसायला सांगितलं असतं तर?"

मी विचार केला. खोटं बोलायचा दिवस नव्हता तो. "पुसला असता," मी म्हटलं. "घरात दोन मुलं होती माझी. बोटं ठेवली असती की नाही, ते मला सांगता येत नाही."

तिने मान हलवली. रागावली नाही. मेजावरचा माझा जुना बारीक ब्रश उचलून तिने माझ्या हातात दिला, हात दिव्याखाली धरायला लावला आणि त्याचा फोटो काढला.

आईला तो प्रिंट पोस्टाने गेला आणि पोचला. चेहरा असता तर वाटेत कुणी अडवला असता, चार बोटांना कोण काय विचारणार. लिनचं प्रदर्शन पुढे तिकडे परदेशात लागलं. मृणालने त्याचे फोटो दाखवले. एका भिंतीवर शेडमधली माणसं आणि सुपारी. त्याशेजारी चार बोटं. आणि त्याशेजारी, शिरा वर आलेला, ब्रश धरलेला माझा हात. आमचे हे म्हणाले, "नख तरी कापून घ्यायचंस." हौसेने भरलेल्या त्या जवळजवळ चेहऱ्याची फाइल अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. लिन जाताना म्हणाली होती, पुसून टाक, तो माझा बाप नाही. मी रोज मशीन चालू करते, त्याचे डोळे बघते, आणि माझा हात काही पुढे होत नाही.